लहान मुलं, आरव्ही आणि वाळवंट: 10 दिवसांत पाच पार्कं नकोत

तुमचा बेत वाचला: जूनच्या शेवटी लास वेगासला उतरायचं, 28 फुटी आरव्ही (झोपायची-जेवणाची सोय असलेली घरासारखी गाडी) भाड्याने घ्यायची आणि 10 दिवसांत डेथ व्हॅली, झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, आर्चेस ही राष्ट्रीय उद्यानं करून परत यायचं. सोबत 4 आणि 9 वर्षांची मुलं. "एवढं जमेल का आणि गाडी कशी निवडावी" असं तुम्ही विचारलंय.

गाडी चालवून होईल, पण मुलांना घेऊन होणार नाही. डेथ व्हॅली आणि आर्चेस यातून काढा. झायनला तीन रात्री, ब्राइसला दोन, कॅपिटल रीफला तीन आणि परतीच्या वाटेवर सेंट जॉर्जच्या आसपास एक. आम्ही फीनिक्सला राहतो, मुलं 3 आणि 7 वर्षांची असल्यापासून या भागात आरव्ही घेऊन चार वेळा फिरलोय. पहिल्या खेपेला आम्हीही रोज गाडी हलवली होती. रोज सकाळी पाण्याचा पाइप काढा, वायर गुंडाळा, कपाटं बंद आहेत ना बघा, मुलांना बांधा. यात दीड तास जायचा आणि तो नेमका थंड हवेचा दीड तास असायचा. वाळवंटात मुलांसाठी दिवस सकाळी साडेदहापर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर, एवढाच असतो. मधला वेळ सावलीत जेवण, झोप, पत्ते यांत घालवायचा. आरव्हीचं खरं सुख हेच की घर शेजारी उभं असतं. तेच घर दिवसभर हायवेवर पळवलं तर ते कशाला घेतलं?

डेथ व्हॅलीबद्दल मी हट्टाने सांगते. जुलैमध्ये तिथलं सरासरी कमाल तापमान 116 फॅरनहाइटच्या वर असतं आणि तुम्ही जाणार तेव्हाही फार फरक नसतो. आरव्हीचा एसी साधारणपणे बाहेरच्यापेक्षा 20 अंश खाली आणतो, म्हणजे आत 95 च्या आसपास. त्यात 4 वर्षांचं मूल झोपणार नाही. शिवाय भाड्याच्या बऱ्याच करारांत उन्हाळ्यात तिथे गाडी नेण्यास मनाई असते, बारीक अक्षरं वाचून घ्या. हिवाळ्यात मात्र जरूर जा. मेस्किट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्यांवर संध्याकाळी मुलं तासन्‌तास लोळतात. तेव्हाही 28 फुटी गाडी आर्टिस्ट्स ड्राइव्ह आणि डांटेज व्ह्यूला नेता येणार नाही, दोन्हीकडे 25 फुटांची मर्यादा आहे.

झायनला वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये वीज असलेली जागा घ्या. तिथे जनरेटर चालवता येत नाही, त्यामुळे वीज नसेल तर जूनमध्ये एसीही नाही. आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि पटापट संपतं. सगळ्यात मोठा फायदा हा की कॅम्पग्राउंडमधून व्हिजिटर सेंटरला चालत जाता येतं आणि तिथूनच शटल (पार्कची बस) सुटते. सीझनमध्ये दरीत खासगी गाड्या सोडत नाहीत, त्यामुळे तीन दिवस गाडीला हात लावावा लागत नाही. पहाटेची शटल पकडून शेवटच्या थांब्यावरचा रिव्हरसाइड वॉक करा. जाऊन-येऊन सव्वादोन मैल, जवळजवळ सपाट, शेजारी नदी. पण व्हर्जिन नदीत विषारी सायनोबॅक्टेरिया सापडतात, तेव्हा धाकट्याला त्यात बुड्या मारू देऊ नका, पाणी तोंडात जाऊ देऊ नका. व्हिजिटर सेंटरच्या फलकावर त्या दिवशीची स्थिती लिहिलेली असते. अचानक येणाऱ्या पुराचा इशाराही तिथेच बघायचा. आपल्या डोक्यावर निळं आकाश असलं तरी वर कुठेतरी पडलेल्या पावसाचं पाणी दरीत येऊन धडकतं.

झायनहून ब्राइसला जाताना नकाशा तुम्हाला माउंट कार्मेलच्या बोगद्यातून नेईल. हा बोगदा 1930 मधला, 1.1 मैल लांबीचा. 11 फूट 4 इंच उंची किंवा 7 फूट 10 इंच रुंदी असलेली गाडी त्यात आपल्या लेनमध्ये मावत नाही आणि बहुतेक आरव्ही या मापांच्या पुढेच असतात. गाडी ठरवतानाच मापं विचारा आणि पार्कच्या संकेतस्थळावरचा चालू नियम बघा. नाहीतर सरळ हरिकेनवरून कनॅबला जा आणि तिथून 89 नंबरने वर या. वळसा पडतो, पण डोक्याला ताप नाही.

ब्राइस 8000 फुटांच्या वर आहे, जूनमध्येही रात्री स्वेटर लागतो. डाळ-तांदूळ साध्या पातेल्यात लवकर शिजत नाही, कुकर न्याच. ब्राइस ते कॅपिटल रीफ 12 नंबरचा रस्ता अप्रतिम आहे, पण एस्कलान्ते ते बोल्डर या टप्प्यात दोन्ही बाजूंना खोल उतार आहे. तिथे आरव्ही जातात, सावकाश चालवा आणि तेवढा तुकडा मुलांना गाडी चालवणाऱ्याला काही विचारू देऊ नका.

आता कॅपिटल रीफ, कारण मुलांसाठी माझ्या मते हेच सगळ्यात चांगलं आणि लोक हेच वगळतात. लाल कड्यांच्या मधोमध फ्रूटा नावाची जुनी मॉर्मन वस्ती आहे, त्यांनी लावलेल्या फळबागा अजून आहेत. फळं पिकली असतील त्या बागेत स्वतः तोडून खाता येतात, घरी न्यायची तर वजन करून पैसे टाकायचे. जूनच्या शेवटी चेरी किंवा जर्दाळू मिळायची शक्यता असते. कॅम्पग्राउंड बागांच्या मध्येच आहे, झाडांची गर्द सावली आहे. वीज नाही, पण 5500 फुटांवर रात्री निवतं. माझ्या धाकट्या मुलीने तिथे गवतावर बसून, तोंड चिकट करत, ज्युनियर रेंजरची (पार्कातून मुलांना मिळणारी) पुस्तिका भरली. मग रेंजरसमोर उजवा हात वर करून शपथ घेतली आणि बिल्ला लावून घेतला. तो बिल्ला झोपतानाही काढला नव्हता. प्रत्येक पार्कात पोचल्या पोचल्या ही पुस्तिका मागून घ्या.

गाडी निवडताना आधी पट्टे मोजा. "झोपायची सोय सहा जणांची" लिहिलेलं असतं, पण कारसीट फक्त पुढे तोंड असलेल्या आणि पट्टा असलेल्या सीटवरच बसवायची. आडव्या सोफ्यावर कधीही नाही. डायनेटची (जेवणाच्या टेबलाभोवतीची) कोणती सीट पुढे तोंड करून आहे, तिथे कारसीट घट्ट बसते का, हे गाडी ताब्यात घेताना स्वतः बसवून बघा. चालत्या गाडीत मुलांना मागे पलंगावर लोळू द्यायचा मोह होतो, तो टाळा. टायरवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. सहा-सात वर्षं जुना टायर दिसला तर बदलून मागा, उन्हात तेच फुटतात.

पाण्याचा हिशोब दोन टोकांनी ठेवायचा. प्यायला माणशी दिवसाला एक गॅलन, तेही टाकीतलं न धरता वेगळं. 2015 च्या ऑगस्टमध्ये न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्समध्ये एक फ्रेंच जोडपं थोडंसंच पाणी घेऊन ट्रेलवर गेलं आणि दोघंही दगावली. 9 वर्षांचा मुलगा वाचला, पाणी बहुधा त्याला जास्त दिलं म्हणून. मी हे घाबरवायला लिहीत नाही, पण मला ते विसरता येत नाही. निम्मी बाटली संपली की परत फिरायचं, समोर कितीही सुंदर कमान दिसत असली तरी. नुसतं पाणी मुलं पीत नाहीत, म्हणून आम्ही कोकम आगळ आणि लिंबू नेतो. पोट बिघडलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मूल चिडचिडं झालं, गप्प बसलं किंवा बराच वेळ शू केली नाही तर ताबडतोब सावलीत आणून ओल्या पंच्याने पुसा. गोंधळल्यासारखं बोलू लागलं तर वाट न बघता 911 या आपत्कालीन नंबरला फोन करा. ट्रेलवर फोनला रेंज नसेल असं धरूनच चाला.

दुसरं टोक सांडपाण्याचं. आपण तांदूळ तीनदा धुतो, कुकर, कढई, ताटल्या घासतो. ते सगळं ग्रे टँकमध्ये (भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याच्या टाकीत) जातं आणि तो इतरांपेक्षा आपल्याकडे लवकर भरतो. पहिल्या सहलीच्या दुसऱ्या रात्री मी भांडी घासत होते आणि शॉवरच्या मोरीतून हळदीचं पिवळं पाणी, वर भाताची शितं तरंगत, उलटं वर आलं. मुलांचे बूट तिथेच ठेवले होते. तेव्हापासून तांदूळ घरून धुऊन, वाळवून नेते, ताटल्या आधी कागदाने पुसते, आणि पहिल्या दोन दिवसांचं थालीपीठ-दशम्यांवर भागवते. मुलांना आंघोळीऐवजी ओल्या फडक्याने पुसलं तरी चालतं. डम्प स्टेशनवर (टाक्या रिकाम्या करायच्या जागी) आधी ब्लॅक (संडासाची टाकी), मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे घाला आणि मुलांना त्या वेळी गाडीतच ठेवा.

थोरला या वर्षी चौथीत असेल तर एव्हरी किड आउटडोअर्सचा (चौथीतल्या मुलांसाठीचा मोफत) पास संकेतस्थळावरून छापून न्या, 31 ऑगस्टपर्यंत तो चालतो आणि गाडीतल्या सगळ्यांना प्रवेश मिळतो. गाडी ठरली की तिची उंची, रुंदी आणि सीटचा आराखडा इथे लिहा. झायनहून निघायचा रस्ता आणि कारसीटची जागा दोन्ही त्यावरून सांगते.