‘नॅनो’ लिहिलं म्हणून औषध मेंदूत शिरत नाही

या खेपेला आलेल्या प्रश्नांत ‘नॅनो’ हा शब्द इतक्यांदा आला आहे की बाकीचे विषय बाजूला ठेवून तेवढेच घेतो.

वडिलांना पार्किन्सन्स आहे. मेंदूत डोपामिन कमी पडतं म्हणतात, मग डोपामिनचंच इंजेक्शन का देत नाहीत?

ते रक्तातून मेंदूत जात नाही म्हणून. लेव्होडोपा हे औषध जातं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. गोळ्यांच्या वेळा पाळा. बदल हवा असेल तर न्यूरॉलॉजिस्टना विचारून.

नॅनोकण म्हणजे रक्तात फिरणारे छोटे रोबो का?

नाही. औषध भरलेले स्निग्ध पदार्थाचे किंवा पॉलिमरचे बारीक कण.

आईची स्मरणशक्ती कमी होते आहे. ‘५० नॅनोमीटर कण, थेट मेंदूत’ असं लिहिलेल्या कर्क्युमिनच्या (हळदीतल्या पिवळ्या द्रव्याच्या) कॅप्सूल मिळतात. सुरू करू का?

नका करू. कारण जरा सविस्तर सांगतो, कारण असाच एक डबा गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर आला होता. चकचकीत वेष्टन, त्यावर मेंदूचं चित्र, चित्रात घुसणारा सोनेरी बाण. डबा आणणाऱ्या मुलीने वडिलांच्या नेहमीच्या गोळ्या तीन आठवडे बंद ठेवल्या होत्या, ‘आता हे आहे ना’ म्हणून. मला राग येतो तो इथे.

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट सांधलेल्या असतात की मधून झिरपायला वाट जवळजवळ नसतेच. हाच रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सगळे अवयव रंगले आणि मेंदू कोरा राहिला. वर ज्या डोपामिनबद्दल लिहिलं, त्याचा रेणू एक नॅनोमीटरपेक्षाही लहान आहे, तरी तो अडतो. मग पन्नास नॅनोमीटरचा कण केवळ ‘बारीक’ म्हणून कसा जाईल? बारीकपणाचा इथे उपयोग नाही, ओळख लागते. भिंतीच्या पेशींवर लोह वाहून आणणाऱ्या ट्रान्सफेरिनसाठी, कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांसाठी ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे त्यांना ओळखून धरणारे रेणू, असतात. कणाच्या अंगावर तशी खूण असली तर पेशी त्याला गिळून पलीकडे सोडू शकते. १९९५ साली क्रॉयटर या संशोधकांच्या गटाने पॉलिसॉर्बेट ८० या साबणासारख्या पदार्थाचा लेप दिलेल्या कणांतून डलार्गिन हे औषध उंदरांच्या मेंदूपर्यंत पोचवलं, ते असंच. लेपावर रक्तातलं अपोलिपोप्रोटीन ई (कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांवरचं प्रथिन) चिकटतं आणि कण ‘आपल्यातला’ वाटतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. पण तेही इंजेक्शनने, शिरेतून. गिळलेली कॅप्सूल आधी जठर आणि आतडी पार करणार, मग रक्तात. तिथे यकृत आणि प्लीहा टपलेलेच असतात. शिरेतून दिलेल्या कणांपैकीही बहुतेक तेच उचलतात. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं पॅटिसिरान हे नॅनोकणांतलं औषध यशस्वी झालं, कारण त्याला जायचंच यकृतात होतं!

आईला तपासून घ्या. बी १२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही विसरायला होतं, आणि त्यांवर उपचार आहेत. कॅप्सूल घेऊन वाट पाहण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

मग नाकातून दिलेले नॅनो थेंब?

विचार खुळा नाही, नाकाच्या वरच्या टोकाकडून मेंदूकडे वाट आहे. पण वास घेणारं अस्तर उंदराच्या नाकात भरपूर, माणसाच्या नाकात थोडंसंच. घरी प्रयोग नको.

भावाला ग्लायोब्लास्टोमा (मेंदूतली कर्करोगाची गाठ) आहे. गाठीजवळ रक्त आणि मेंदू यांच्यामधला हा अडथळा फुटलेला असतो म्हणतात. नॅनो-औषध येईपर्यंत रेडिएशन थांबवावं का?

थांबवू नका. एमआरआयमध्ये जिथे रंगद्रव्य उजळतं तिथे भिंत गळकी असते, हे खरं. पण गाठीच्या कडेपलीकडे पसरलेल्या पेशी बऱ्याचदा शाबूत भिंतीआड असतात, आणि गाठ परत येते ती बहुधा तिथूनच. नॅनोकणांवर काम चाललं आहे ते यासाठीही, पण त्याची वाट पाहत आजचा उपचार सोडता येत नाही. एखादी नोंदणीकृत चाचणी उघडी असेल तर ऑन्कॉलॉजिस्टना या आठवड्यातच विचारा, पुढच्या महिन्यात नाही. कुणी आगाऊ पैसे मागत असेल तर ते कागद आधी त्यांनाच दाखवा.