जार वर सरकवण्याआधी

या वेळीही पत्रं तीच, फक्त जारची, म्हणजे जावाच्या तयार क्लासच्या गठ्ठ्यांची, नावं वेगळी. ‘काल चालत होतं, आज कंपाइल होत नाही, कोडला कुणी हात लावलेला नाही.’ कोडला नसेल लावला. जार ठेवतो त्या लिब फोल्डरला किंवा पॉमला (मेव्हन या बिल्ड करणाऱ्या साधनाच्या यादीला) कुणी लावला, ते आधी विचारा.

प्रश्न : एकच क्लास दोन जारमध्ये असेल तर जावाचा कंपायलर कोणता घेतो?

क्लासपाथवर, म्हणजे क्लास शोधायच्या जागांच्या यादीत, जो आधी सापडेल तो. नवा-जुना हे तो बघत नाही.

प्रश्न : रिक्वेस्टवर ‘गेट सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट’ ही मेथड बोलावली की ‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’ येतं. पॉममध्ये सर्व्हलेट (जावाची वेब लायब्ररी) ३.१ आहे. सहकाऱ्याने एक्लिप्स या एडिटरच्या बिल्ड पाथमध्ये ती जार हाताने घालून सगळ्यांत वर सरकवली, तर माझ्याकडची चूक गेली. बिल्ड सर्व्हरवर मात्र अजून येते.

येणारच. सहकाऱ्याने चूक काढली नाही, तुमच्यापुरती झाकली. ती मेथड रिक्वेस्टवर आली सर्व्हलेट ३.० मध्ये. म्हणजे कंपायलर कुठली तरी २.५ ची जार वाचतोय, आणि ती बहुधा एखाद्या जुन्या लायब्ररीच्या पदराला धरून आत आलीये.

मेव्हन एका लायब्ररीची एकच आवृत्ती ठेवतो, हे खरं. पण तो ओळखतो नावावरून. जुन्या जारचं आर्टिफॅक्ट नाव ‘सर्व्हलेट-एपीआय’, ३.० पासून ते झालं ‘जावॅक्स.सर्व्हलेट-एपीआय’. त्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं, म्हणून दोघांनाही घरात घेतो. पुढे २.०.९ पासून मेव्हन क्लासपाथ पॉममधल्या क्रमाने लावतो; जुनीला ओढून आणणारी डिपेन्डन्सी (लागणारी लायब्ररी) तुमच्या ३.१ च्या वर लिहिलेली असेल, तर २.५ जिंकते.

आता जरा स्पष्टच बोलतो, कारण हा ‘वर सरकवा’ उपाय मी कित्येक टीममध्ये पाहिलाय. वर सरकवल्याने दुसरी प्रत जात नाही. शिवाय कंपाइल करतानाचा क्रम वेगळा, चालवतानाचा वेगळा. टॉमकॅट, म्हणजे वेब अॅप चालवणारा सर्व्हर, सर्व्हलेटचे क्लास तुमच्या वॉरमधून (अॅपच्या गठ्ठ्यातून) घेतच नाही, स्वतःचे वापरतो. तिकडे टॉमकॅट ६ असेल तर त्याच्याकडे २.५ च आहे. मग तुमच्याकडे सगळं बिनबोभाट कंपाइल होईल आणि ‘नो सच मेथड एरर’ येईल ती थेट ग्राहकासमोर, रात्री अकराला.

म्हणून आधी ‘जावासी’ या कंपायलरला ‘व्हर्बोज’ हा पर्याय लावा. ‘लोडिंग’च्या ओळीत क्लास नेमका कुठल्या जारमधून उचलला ते छापून येतं. मग मेव्हनचं ‘डिपेन्डन्सी ट्री’ काढा, जुनी जार कुणी आणली ते दिसेल. तिथे एक्स्क्लूजन घाला (म्हणजे ती वगळा), ३.१ ला ‘प्रोव्हायडेड’ स्कोप द्या (म्हणजे चालवताना ती सर्व्हर पुरवेल) आणि हाताने घातलेली जार काढून टाका. हे करण्याआधी बिल्ड सांभाळणाऱ्याला एकदा दाखवा, आणि प्रॉडक्शनवर टॉमकॅट कितवा आहे तेही त्यालाच विचारा. अंदाज बांधू नका.

प्रश्न : जारच्या नावापुढे ‘एए’ लावलं की ती आधी वाचली जाते, असं सीनियर म्हणाले.

लिबपुढे तारा (*) टाकून क्लासपाथ देता येतो, पण त्यात जार कुठल्या क्रमाने येतील हे ठरलेलं नाही, असं जावाच्या अधिकृत माहितीतच लिहिलंय. विंडोजवर जमलं म्हणून लिनक्सवर जमेलच असं नाही. सीनियरना ते पान वाचायला द्या.

प्रश्न : ‘रेफरन्स टू लिस्ट इज अँबिग्युअस’ येतं. कुठली जार वर घेऊ?

कुठलीच नाही, ‘जावा.युटिल’ आणि ‘जावा.एडब्ल्यूटी’ दोन्ही तारा लावून इम्पोर्ट केलेत, हवा तो लिस्ट पूर्ण नावाने इम्पोर्ट करा.

प्रश्न : टेस्टमध्ये ‘कोअरमॅचर्स’चं ‘कन्टेन्स स्ट्रिंग’ सापडत नाही. हॅमक्रेस्ट (टेस्टमधल्या तुलनांची लायब्ररी) १.३ घातलंय.

टेस्टसाठी नकली ऑब्जेक्ट बनवणारी ‘मॉकिटो-ऑल’ जार वापरताय का? तिच्या पोटात हॅमक्रेस्ट १.१ आहे, त्यात ही मेथड नाही. ‘मॉकिटो-कोअर’ घ्या. टेस्ट चालवणाऱ्या जेयुनिटच्या जारमध्येही ४.१० पर्यंत हॅमक्रेस्ट कोंबलेलं असायचं, ४.११ पासून ते वेगळं केलं. तेव्हा तीही आवृत्ती बघा.

प्रश्न : विकत घेतलेल्या एसडीकेची (डेव्हलपरसाठीच्या संचाची) एकच भलीमोठी जार आहे. त्यांच्या पुस्तिकेत ‘आमची जार सर्वांत वर ठेवा’ असं लिहिलंय. तसं केलं तर आमचाच कोड कंपाइल होत नाही. सपोर्टवाले वेगळं कन्सल्टिंग घ्या म्हणतात.

दुसऱ्यांच्या लायब्रऱ्या स्वतःच्या जारमध्ये जशाच्या तशा भरायच्या, आणि त्यातून झालेला गोंधळ निस्तरायचे पुन्हा पैसे मागायचे! आतली पॅकेजं नाव बदलून ठेवणं त्यांचं काम आहे, शेडिंग म्हणतात त्याला. तसं किंवा लायब्रऱ्या वगळून बारीक जार द्या, असं लेखी मागा. जार उघडून तुम्हीच क्लास काढू नका. ती सही केलेली असू शकते, आणि लायसन्स काय म्हणतं ते तुमच्या कंपनीच्या वकिलांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

प्रश्न : जावा ८ वरून ११ वर आलो. एक्लिप्स म्हणतं, ‘ऑर्ग.डब्ल्यूथ्रीसी.डॉम’ हे पॅकेज एकाहून जास्त मॉड्यूलमधून दिसतंय. चार महिने जार वर-खाली करून पाहिल्या.

चार महिने? हे पॅकेज जेडीकेच्या (जावाच्याच संचाच्या) स्वतःच्या एक्सएमएल मॉड्यूलमध्ये आहेच. बहुधा जुनी ‘एक्सएमएल-एपीआयज’ जार कुणीतरी आत आणलीये. इथे क्रमाचा प्रश्नच नाही, ती जार बाहेर काढायची. ट्री काढा आणि ते घेऊन आजच आर्किटेक्टकडे जा, पुढच्या स्प्रिंटची वाट बघू नका.