सोलापुरातून अमेरिकन शेअर घेतो. ‘बॅरन्स’ या अमेरिकन गुंतवणूक साप्ताहिकात शिफारस आली की सोमवारी लगेच घ्यावा का?

लगेच नको. क्लॅरेन्स बॅरन यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या या साप्ताहिकाचा अंक शनिवारी, बाजार बंद असताना येतो. न्यूयॉर्क उघडतं आपल्या संध्याकाळी ७ वाजता, तिथल्या हिवाळ्यात ८ वाजता. तोवर कौतुक झालेला शेअर बरेचदा चढाच उघडतो आणि मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाने खरेदी) टाकली की तो वरचा भाव आपल्या माथी बसतो. चाटी गल्लीत भाव न विचारता चादर घेत नाही ना? लेखातला भाव बघून लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावापर्यंतच खरेदी) लावा, नाही मिळाला तर सोडा. ‘बॅरन्स’चा भर बातमीपेक्षा मूल्यांकनावर असतो, म्हणून नफा, कर्ज, पी-ई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) हे आकडे स्वतः ताडून पाहा. माझ्या मते कंपन्यांवर टीका करणारे त्यांचे लेख जास्त कामाचे.