हिरव्या वाटणाचा थर माशावर टिकावा म्हणून

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो आणि घरी पोहोचेपर्यंत साडेसात वाजतात. आठवड्यातून एका रात्री तरी मासे व्हावेत, असा मुलांचा हट्ट असतो. कोथिंबीर-पुदिन्याच्या वाटणात लिंबू पिळून ते सुरमईला लावते. परंतु तव्यावर वाटण सुटून तेलात उतरते आणि काळे पडते, मासा मात्र आतून अळणी राहतो. ओव्हनमध्ये केले, तर थर मळकट तपकिरी होतो. काय चुकते आहे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : थर सुटतो तो पाण्यामुळे, काळा पडतो तो तापलेल्या तव्याला थेट लागल्यामुळे आणि तपकिरी होतो तो लिंबामुळे. कोथिंबिरीतील हरितद्रव्याला आंबट आणि उष्णता एकत्र मिळाली, की त्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि रंग मळतो. म्हणून आंबट वाटणात न घालता माशालाच लावावे. घरी आल्याबरोबर तुकड्यांना मीठ, हळद आणि चमचाभर कोकमाचे आगळ चोळून ठेवावे. आगळ खारवलेले असेल, तर मीठ बेताने घ्यावे. तुकड्या पंधरा मिनिटांहून अधिक मुरवू नयेत, कारण आंबटात फार वेळ राहिलेला मासा भुसभुशीत होतो. एवढ्या वेळात मिठामुळे माशाला सुटलेले पाणी स्वच्छ फडक्याने दोन्ही बाजूंनी टिपून घ्यावे. घाईत नेमके हेच राहून जाते, आणि ओल्या तुकडीवर कोणतेही वाटण धरत नाही.

वाटणाचेही तसेच आहे. मिक्सर फिरेना म्हणून आपण त्यात पाणी घालतो आणि तेच पाणी तव्यावर वाफ होऊन थराला खालून उचलते. अर्धा किलो सुरमईसाठी एक वाटी कोथिंबिरीची पाने, पाव वाटी पुदिना, सहा-सात लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या आणि अर्धा इंच आले पुरेसे होते. हे सारे सुरीने अगदी बारीक चिरावे किंवा पाणी न घालता जाडसर वाटावे, आणि त्यात चमचाभर तांदळाचे पीठ व दोन चमचे तेल कालवून दाबले असता गोळा होईल इतके घट्ट करावे. देठांना चव असते, पण पाणीही फार सुटते. ती कालवणात घालावीत. आठवड्याची कोथिंबीर रविवारी धुऊन, पूर्ण कोरडी करून कापडात गुंडाळून ठेवली, तर त्या रात्रीचा बराच वेळ वाचतो. वाटणच करून गोठवण्याचा मोह मात्र टाळावा. गोठवलेले वाटण वितळताना पाणी सोडते, ते रश्शाला चालते, थराला नाही.

वाटण तुकडीवर पातळ दाबून लावल्यावर तिला बारीक रवा आणि थोडे तांदळाचे पीठ यांच्या मिश्रणात घोळवावे. रव्याचे हे कवच कोथिंबीर आणि तवा यांच्यामध्ये राहते, म्हणून पाने करपत नाहीत. तवा चांगला तापवून तेल सोडावे, आच मध्यम करावी आणि दीड सेंटिमीटर जाडीची तुकडी एका बाजूने चार मिनिटे अजिबात न हलवता होऊ द्यावी. कडा सोनेरी झाल्या, की ती आपोआप सुटते. ती एकदाच उलटून आणखी तीन मिनिटे ठेवावी. लिंबू पानात पिळावे.

ओव्हन वापरायचा असेल, तर रावसाच्या काटे काढलेल्या जाड तुकड्या घ्याव्यात, थर फक्त वरच्या बाजूला द्यावा, रव्याऐवजी तेल लावलेला पावाचा चुरा पसरावा आणि २०० अंश सेल्सिअसला आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये बारा ते पंधरा मिनिटे भाजावे. दोन सेंटिमीटर जाडीला एवढा वेळ पुरतो. मांस अपारदर्शक होऊन पदर सुटू लागले, की मासा शिजला.

पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात गोठवलेला मासा आणला, तर आदल्या रात्रीच तो फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी अधिकच काळजीने टिपावा. बांगडाही चालेल, पण त्याच्या गुळगुळीत कातडीवर थर धरत नाही, म्हणून त्याला तिरक्या चिरा देऊन वाटण आत भरावे. बोंबील मात्र पाणी काढण्यासाठी वजनाखाली दाबून ठेवावे लागतात. ते सुट्टीच्या दिवशी करावेत.