अल्फा फाय ओमेगात प्लेज (म्हणजे मेंबर होण्याआधीचा उमेदवार) झालायस ना? मग हे वाच

अरे, आधी मनापासून अभिनंदन! फ्रॅटर्निटी, म्हणजे अमेरिकन कॉलेजातली विद्यार्थी संघटना, म्हटलं की घरच्यांना दारू-पार्ट्याच आठवतात, माझ्या आईलाही तेच वाटलेलं, तर त्यांना सरळ सांग की ही सर्व्हिस फ्रॅटर्निटी आहे, समाजसेवेसाठीची, १६ डिसेंबर १९२५ ला पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजात सुरू झाली, फ्रँक रीड हॉर्टन आधी नेव्हीत होता आणि स्काउटची शपथ त्याला इतकी पटलेली की त्याच पायावर त्याने इतर विद्यार्थ्यांना सोबत घेऊन हे उभं केलं. लीडरशिप, फ्रेंडशिप, सर्व्हिस ही आपली तीन तत्त्वं तिथूनच आली. मुलींना रीतसर मेंबरशिप १९७६ पासून, खरं तर फार आधी मिळायला हवी होती.

तारखा पाठ होतील रे, पण सर्व्हिस अवर्स, म्हणजे समाजसेवेचे ठरलेले तास, सेमिस्टरच्या शेवटावर ढकलू नकोस. मी पहिल्या शनिवारी फूड बँकेत तीन तास बीन्सचे डबे तारखा बघून लावले, शेजारचा सीनियर मोठ्याने तारखा वाचत होता, तोच पुढे माझा बिग झाला, म्हणजे नव्या मेंबरला सांभाळून घेणारा सीनियर. टोस्ट साँगला, म्हणजे फ्रॅटर्निटीच्या गाण्याला, सगळे गोलात हात क्रॉस करून एकमेकांचे हात धरतात तेव्हा लाजू नकोस. आणि कुणी अपमान होईल असं काही करायला लावलं तर तिथेच नाही म्हण, हेझिंगला, म्हणजे अशा रॅगिंगला, नियमानेच बंदी आहे.