१९८० सालची 'कॉसमॉस' आता डीव्हीडीवर घेण्यात अर्थ आहे का?

प्रश्न: आम्ही सोलापुरात राहतो. मुलगी सातवीत आहे, मराठी माध्यमात, आणि तिला आकाशाचं वेड आहे. एका ओळखीच्यांकडे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या 'कॉसमॉस' या विज्ञानमालिकेचा डीव्हीडी संच विकायला आहे. इतकी जुनी मालिका घ्यावी, की यूट्यूबवर जे मिळेल ते दाखवावं?

उत्तर: घ्या. घरात प्लेअर असेल, किंवा लॅपटॉपला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह असेल, तर फार विचार करू नका.

मी ही मालिका पहिल्यांदा सोलापुरातच पाहिली, माझ्या चुलत्यांमुळे. त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती. एका रात्रीसाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट भाड्याने न्यायच्या, तो काळ. गिऱ्हाइकं हिंदी सिनेमे मागायची, पूर्व भागातली तेलुगू मागायची. एका गिऱ्हाइकाच्या मुलाने अमेरिकेहून 'कॉसमॉस'च्या कॅसेट पाठवल्या होत्या. त्या त्यांच्या घरी लागेनात म्हणून ते काकांकडे घेऊन आले. आमच्याकडे लावल्या तर चित्र नुसतं वर वर सरकत राहिलं, रंगही नाहीत. टीव्हीच्या चित्राच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या; अमेरिकेतलं रेकॉर्डिंग एनटीएससी पद्धतीचं आणि आपल्याकडचं सगळं पाल. शेवटी काकांनी आखातातून आलेल्या एका मित्राचा मल्टिसिस्टिम व्हीसीआर आणला आणि रविवारी दुपारी आम्ही पहिला भाग लावला.

त्या भागात सेगन इजिप्तला जातात आणि इरॅटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानाची गोष्ट सांगतात. सुमारे २,२०० वर्षांपूर्वी त्याला कळलं, की वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी भर दुपारी दक्षिणेकडच्या सायीनी गावात (आजचं अस्वान) खांबाची सावली पडत नाही. अलेक्झांड्रियात मात्र त्याच दिवशी, त्याच वेळी पडते. सेगन एक नकाशा घेतात, त्यावर दोन काड्या उभ्या करतात. नकाशा सपाट असताना दोन्ही सावल्या सारख्याच. मग ते तो नकाशा वाकवतात.

काकांनी तिथेच कॅसेट थांबवली. पॉझवर चित्र थरथरत होतं, मधून पांढरे पट्टे जात होते. दुकानात पडलेली एक लग्नपत्रिका त्यांनी उचलली, कणकेच्या दोन गोळ्यांत उदबत्तीच्या दोन काड्या रोवल्या आणि मला माळवदावर नेलं. उन्हात पत्रिका सपाट धरली, तेव्हा दोन्ही काड्यांच्या सावल्या सारख्या पडल्या. ते पत्रिका हळूहळू वाकवत गेले तशी एक काडी सूर्याच्या रोखाने आली आणि तिची सावली बुडाशी गेली, दुसरीची लांबत राहिली. मी तेव्हा तुमच्या मुलीएवढाच होतो. पृथ्वी गोल आहे हे मला पाठ होतं. ते ओळखायचं कसं, हे मात्र त्या दिवशी कळलं.

म्हणूनच मालिका जुनी झाली याची काळजी मी फारशी करत नाही. आकडे जुने झालेत, खरं आहे. पण माणसाला एखादी गोष्ट कळली कशी, हे सेगन ज्या सावकाशीने दाखवतात ते जुनं झालेलं नाही. तिसऱ्या भागात केप्लर मंगळाच्या कक्षेशी वर्षानुवर्षं झगडतो, निरीक्षणांशी आठ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक राहतो म्हणून लाडकं वर्तुळ सोडून लंबवर्तुळाकडे जातो. हे पाहिल्यावर शाळेतली केप्लरच्या नियमांची तीन वाक्यं कुणालाही कोरडी वाटणार नाहीत.

आता जुनं काय झालंय ते सांगतो, कारण ते तुम्हाला माहीत असायला हवं. मालिकेत विश्वाचं वय १५ बिलियन वर्षं, म्हणजे १,५०० कोटी धरलंय. आज ते १,३८० कोटी मानतात. (बिलियन शब्द सतत येतो. १ बिलियन म्हणजे १०० कोटी, हे एका कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवा.) पहिल्या भागात विश्वाचं सगळं आयुष्य एका वर्षाच्या कॅलेंडरात बसवून दाखवलंय. तिथला एक महिना १२५ कोटी वर्षांचा होतो, नव्या आकड्याने ११५ कोटींचा. हे कॅलेंडर मुलीलाच नव्याने आखायला सांगा. पृथ्वीचा जन्म सप्टेंबरच्या सुरुवातीला येईल. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह तेव्हा एकही सापडलेला नव्हता. पहिला १९९५ साली सापडला आणि आज असे बाहेरचे ग्रह पाच हजारांच्या वर गेलेत. विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे १९९८ साली कळलं. प्लूटो २००६ पर्यंत ग्रहच होता. सेगननी स्वतः दहा वर्षांनी काही भागांच्या शेवटी पुरवणी जोडली होती, पण त्यानंतरही बरंच घडलंय.

कुठे कुठे मात्र जुनेपणानेच मालिका जास्त भिडते. पाचव्या भागात सेगन मंगळाबद्दल बोलतात. १९७६ साली उतरलेली व्हायकिंग यानं जागची हलू शकत नव्हती. चाकांवर फिरणारं यान मंगळावर पाठवावं, क्षितिजापलीकडे काय आहे ते पाहावं, अशी त्यांची आस त्या भागात दिसते. सेगन २० डिसेंबर १९९६ रोजी गेले. ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि सोजर्नर नावाची छोटी गाडी तिथल्या मातीवर फिरली. ज्या यानातून ती उतरली त्याला सेगन यांचं नाव दिलं. तो भाग संपल्यावर हे मुलीला सांगा, आणि मग २०१४ सालच्या आपल्या मंगळयानाबद्दलही.

यूट्यूबवर काय बिघडलं, असं तुम्ही विचाराल. तुकडे बघण्यात एक तोटा होतो, दहाव्या भागाचंच उदाहरण देतो. या भागासाठी सेगन तमिळनाडूत आले होते. दारासुरमचं देऊळ दिसतं, पोंगलचा सण दिसतो. आमच्या आजीने ते पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर आपली संक्रांत!" खरंच तेच दिवस, आपल्याकडे सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, नंदीध्वज निघतात तेच. तिथे सेगन ब्रह्मदेवाच्या दिवसाबद्दल बोलतात. पूजेच्या संकल्पात आपण 'श्वेतवाराहकल्पे' म्हणतो ना, तो कल्प ४३२ कोटी वर्षांचा, रात्र धरून ८६४ कोटी. आधुनिक विज्ञानाच्या मापाशी जुळणारे हे आकडे आहेत असं ते मनापासून कौतुकाने सांगतात, पण त्याच वाक्यात हा निव्वळ योगायोग आहे असंही म्हणतात. मला मोबाइलवर आलेल्या एका तुकड्यात कौतुक होतं आणि योगायोगाचे शब्द कापलेले होते. अख्खा भाग घरात असला की मुलीला दोन्ही ऐकू येतं.

संच घेताना डिस्क उजेडात तिरक्या धरून पाहा. मधून कडेकडे गेलेला ओरखडा बहुधा चालून जातो, कडेला समांतर गोल गेलेला त्रास देतो. पुसताना मधून बाहेर, सरळ पुसायचं, गोल फिरवायचं नाही. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखालच्या माळ्यावर तर मुळीच ठेवू नका. काकांच्या कॅसेट अशाच गेल्या. उन्हाळ्यात तापल्या, पावसाळ्यात दमट झाल्या आणि रिळाच्या कडांवर पांढरी बुरशी धरली. त्या व्हीसीआरमध्ये घातल्या असत्या तर हेडही गेलं असतं, म्हणून टाकून द्याव्या लागल्या. नंतर मी सात डिस्कचा संच मिळवला, तो आजही बैठकीच्या खोलीतल्या लाकडी कपाटात आहे.

आणखी एक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र ४:३ वर ठेवा. मालिका जुन्या चौकोनी पडद्यासाठी काढलेली आहे. रुंद पडद्यावर ताणली तर गुरू भोपळ्यासारखा चपटा दिसतो, आणि सहाव्या भागात व्हॉयेजर यानाने १९७९ साली पाठवलेली गुरूची चित्रं तशी पाहण्यात काहीच राम नाही.

तेरा भाग लागोपाठ दाखवू नका. आठवड्याला एक पुरे. इंग्रजी कळेल का ही धास्ती असेल तर सबटायटल लावा आणि दर दहा मिनिटांनी थांबवून मराठीत बोला. सेगन सावकाश बोलतात, त्याचा फायदा होतो. जोडीला जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' द्या, म्हणजे मराठी शब्द हाताशी राहतील. आठवा भाग सापेक्षतेवर आहे, तो सातवीला जड जाईल, मागे ठेवला तरी चालेल. तेरावा तुम्ही आधी एकट्याने पाहा. त्यात अणुयुद्ध आहे आणि प्राचीन अलेक्झांड्रियातल्या गणितज्ञ हायपेशियाचा खूनही आहे. २०१४ साली नील डीग्रास टायसन यांनी केलेली नवी मालिका दिसायला देखणी आहे, ती नंतर दाखवा.

आणि पहिला भाग मेच्या आधी दाखवा. सायीनीत घडलं तेच सोलापुरात वर्षातून दोनदा घडतं, कारण आपण साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. ऑगस्टच्या सुरुवातीला ढग असतात, पण १० मेच्या सुमाराला आकाश बहुधा मोकळं असतं. दुपारी साधारण बारा वाजून तेवीस मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दिल्ली आपल्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे आणि तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. दिल्लीत कुणी नातेवाईक किंवा मैत्रीण असेल तर त्याच दिवशी, आपल्यापेक्षा पाचेक मिनिटं आधी, एक मीटरच्या काठीची सावली मोजायला सांगा. सुमारे १९ सेंटिमीटर भरेल. त्यावरून कोन काढला की ११ अंश येतो. नकाशावर दोन्ही शहरांमधलं दक्षिणोत्तर अंतर सुमारे १,२१५ किलोमीटर. त्याला ३६० ने गुणून ११ ने भागलं की पृथ्वीचा परीघ ३९,८०० किलोमीटरच्या आसपास येतो. खरा ४०,००० च्या जवळ आहे.

दोन्हीकडची काठी ओळंबा लावून तपासा. एका अंशाने जरी कलली तरी उत्तर तीन-चार हजार किलोमीटरने चुकतं.