लँडिंगच्या वेळी विमानाचं चाक बाहेर आलं नाही तर पायलट नेमकं काय करतात, आणि आकाशात घिरट्या का घालत राहतात?

चाकाचं सांगतोच, पण आधी एक गैरसमज काढून टाका. चाक अडकलं म्हणजे सगळं संपलं, असं नसतं. 1 नोव्हेंबर 2011 ला वॉर्सॉत बोइंग 767 एकही चाक न उघडता पोटावर उतरलं. आत 231 जण होते, गंभीर इजा कुणालाच नाही. उलट डिसेंबर 1972 मध्ये मायामीजवळ एक ट्रायस्टार विमान दलदलीत कोसळलं, 101 माणसं गेली, आणि त्याची चाकं व्यवस्थित खाली होती! पुढच्या चाकाच्या दिव्याचा बल्ब तेवढा गेला होता. सगळं कॉकपिट त्या बल्बच्या मागे लागलं आणि विमान हळूहळू खाली चाललंय हे कुणी पाहिलंच नाही.

आता माझ्यावर आलेला प्रसंग. मी तेव्हा बोइंग 737 वर को-पायलट होतो. रात्रीची वेळ. चाकांचा लिव्हर खाली केला, दोन दिवे हिरवे, म्हणजे ती चाकं बाहेर; उजव्या चाकाचा काळा. वरच्या पॅनेलवरचाही काळा. गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता परत वर गेलो, आणि होल्डिंगला, म्हणजे ठरलेल्या जागी घिरट्या घालायला गेलो. टाकीत इंधन 2,600 किलो. कॅप्टननी लिव्हर वर केला, खाली केला. परत वर, परत खाली. मी म्हटलं, "सर, एकवीसशे." ते म्हणाले, "थांब जरा." इंजिनिअरिंगशी रेडिओवर गप्पा, आणि लिव्हर चौथ्यांदा वर. "सर, सतराशे." तेव्हा वैतागून म्हणाले, "तू पायलट आहेस की पेट्रोलपंपवाला? कर तुला काय करायचं ते."

केलं. लिव्हर ऑफला आणला. माझ्या सीटमागे जमिनीत एक झाकण असतं, त्याखाली तीन हँडल. ती एकेक करून पूर्ण ओढायची, दोनेक फूट केबल बाहेर येते. अडकवलेला हूक सुटतो आणि चाक स्वतःच्या वजनाने पडतं. उजवं ओढलं तेव्हा पायाखाली दणका बसला, मग हिरवा. एवढंच काम होतं, आणि चेकलिस्टमध्ये ते पहिल्यापासून लिहिलेलं होतं.

उतरल्यावर व्हॅनमध्ये सगळ्या क्रूसमोर पेट्रोलपंपाचा विनोद पुन्हा झाला. म्हणून सांगतो, 28 डिसेंबर 1978, पोर्टलंड. एक डीसी-8 विमान चाकाच्या शंकेपायी सुमारे तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. दहा जण गेले. चाकं तिथेही खालीच होती. इंधन कमी होतंय हे फ्लाइट इंजिनिअरला दिसत होतं, तो बोललाही, पण मवाळपणे. कॉकपिटमध्ये ज्युनिअरने तोंड उघडायचं असतं हे विमान कंपन्या शिकवायला लागल्या त्यात या अपघाताचा वाटा मोठा आहे. आमच्या सरांनीही तो कोर्स केला होता. सर्टिफिकेटसकट.

घिरट्या का, हेही विचारलंय तुम्ही. चेकलिस्टला वेळ लागतो, आणि चाक येणारच नसेल तर वजन आणि आगीचा धोका कमी करायला इंधन जाळतात, कारण 737 किंवा एअरबस ए320 ला ते हवेत सोडायची सोय नसते. पण किती मिनिटं, हे आधी ठरवून.

हे सगळं 737 पुरतं. ए320 ला हँडलऐवजी फिरवायची मूठ असते. आणि सर वाईट पायलट नव्हते, आडव्या वाऱ्यात उतरवायला मी त्यांच्याकडूनच शिकलो.

पण सर, वाचत असाल तर: थांबलो तेव्हा टाकीत 1,320 होतं. लॉगमध्ये माझ्याच अक्षरात आहे, खाली सही तुमची.